पंचेचाळिसाव्या वर्षी बायोडाटा

तुमी हसाल, पण मी पहिला बायोडाटा काढला तो पंचेचाळिसाव्या वर्षी. तोवर जीप चालवली, कापसाच्या जिनिंगमध्ये राबलो, रसवंती टाकली. कुणी कागद मागितला न्हाई. मग जवळा बाजारला मुलींच्या वसतिगृहात धान्याची कोठी सांभाळायला माणूस पाहिजे होता. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “बायोडाटा घेऊन या.”

मी थेट टायपिंगच्या दुकानात गेलो. “बायोडाटा काढायचाय,” म्हटलं.

दुकानदारानं विचारलं, “उंची?” सांगितली.

“रंग?”

“सावळा.”

“मामाचं गाव?”

“साखरा. पण ते काहून?”

“आधी तेच विचारतात, काका.”

मला वाटलं, नवा कायदा आला असंल.

कागद न वाचताच घडी घालून मॅडमपुढं ठेवला. त्यांनी वाचला अन् तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “अहो, हा तर लग्नाचा बायोडाटा!”

लग्नसराई होती, तो दुकानदार बिचारा दिवसभर तेच टाइप करून राहिला होता. नोकरी गेलीच म्हणून घाईघाईनं आजवर केलेली सगळी कामं तोंडीच सांगितली. मॅडमनी ऐकून घेतलं.

“इतकी कामं सोडलीत, आमच्याकडं टिकाल का?”

“फिरून फिरून थकलो, मॅडम. पोरीची शाळाबी हितंच हाय. तुमी हाकलल्याबिगर जायचा न्हाई.”

त्यांनी कागदावरची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, “अपेक्षा : आयुष्यभराची साथ.” मग म्हणाल्या, “आमच्याकडून होकार आहे. सोमवारी या. फक्त वरात आणू नका.”