फक्त एकदाच घालून बघा

...उकडतंय, कबूल, तरी हा शर्ट मी काढणार नाही, का ते सांगतो. "अहो, फक्त एकदाच घालून बघा!" हे वाक्य घरात कानावर पडलं ना, की सरळ चपला घालायच्या आणि निघायचं. मी निघालो नाही! माझी बायको वस्तूंची डिझाइनं करते, न सांडणारा कप, एका हाताने उघडणारी बरणी, असलं काहीबाही, आणि प्रत्येक वस्तू आधी माझ्यावर करून बघते. का? तर म्हणे, "तुम्हाला जमलं म्हणजे कुणालाही जमेल." ऐका!

तर माझे सासरे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली माणसाने, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी हात हलायचा नाही, आणि आता तोच हात सारखा थरथरतो. शर्टाचं बटण काही लागत नाही. दुसऱ्याने लावलेलं चालत नाही! लेक पुढे झाली की, "राहू दे गं, कुठे जायचंय मला?" असं करत चार महिने माणूस घराबाहेर पडला नाही, तुम्हाला सांगतो. कोपऱ्यावरच्या बाकावर मित्र त्यांची जागा राखून बसलेत, आणि हे खिडकीत, बनियनवर. वाईट वाटायचं हो. म्हणून मी नाही म्हटलं नाही, तिथेच फसलो.

आधी आला वेल्क्रोचा शर्ट. "फक्त एकदाच घालून बघा." घातला! साहेबांसमोर शिंक आली आणि फर्रर्र... वरपासून खालपर्यंत उघडा मी. साहेब तोंडासमोर फाईल धरून म्हणाले, "आपण उद्या बोलू."

मग चुंबकाची बटणं. चार सेकंदांत शर्ट बंद, मीसुद्धा खूश! पण ऑफिसात लोखंडी कपाटातून कागद काढायला वाकलो तर कपाट सोडेना, दोन शिपायांनी ओढून काढलं मला. तरी ही म्हणते, "बाबा कुठे कपाटं उघडतात?" आणि गेली शर्ट घेऊन. सासऱ्यांनी पाहिलं आणि घड्याळ बांधलेला हात पाठीमागे लपवला. "चुंबक? माझ्या मनगटाजवळ? चुंबकाने बिघडलेली लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पोरी!" बरोबर आहे, त्यांच्या घरात चुंबकाला कधी थारा नव्हता. तेवढंच नेमकं त्यांची लेक विसरली. मटकन खाली बसली बिचारी. "नाही जमत मला, बाबा." आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हिने म्हणावं, फक्त एकदाच घालून बघा.

सासऱ्यांनी मग मनगटावरचं घड्याळ काढलं, तिच्यापुढे धरलं. "हे किल्लीशिवाय कसं चालतं? हात हलला की आतलं चाक हलतं, आणि स्प्रिंग आवळतच जाते, सुटून मागे येत नाही. माझा हात हलतोय ना? मग हलू दे की! त्याच्यावरच चालव."

झालं. पंधरा दिवस बापलेक टेबलाला चिकटून. हे सांगताहेत, ती कानस चालवतेय, मला चहासुद्धा विचारला नाही. बटणं नुसती दिसायला, आत चेन, चेनीला दातेरी खिट्टी. कडीवर बोट ठेवायचं, हात थरथरला की चेन चर्र चर्र वर. सासऱ्यांनी बोट ठेवलं... आणि एका दमात गळ्यापर्यंत! त्यांनी काठी घेतली, दार उघडलं, आणि वळून म्हणाले, "जावईबापू, तुम्हीही फक्त एकदाच घालून बघा."

माझ्यासाठीही तसाच एक शिवून ठेवलेला, पण माझा हात स्थिर! वीस मिनिटं आरशासमोर हात झटकत होतो, तेव्हा कुठे चेन गळ्यापाशी आली. आणि मग कळलं, चेन खाली कशी आणायची, याचा विचार दोघांनीही केलेला नाही!

परवापासून आहे असा. काल बाकावर गेलो, म्हटलं, बाबा, हा काढायचा कसा? चार मित्रांत बसलेले, मान वर न करता म्हणाले, "काढायचाय कशाला?"

तेव्हा असं आहे. त्यांना काढायचा नाही, आणि मला निघत नाही.