मेल्यावरची विचारपूस

आरमोरीच्या बसस्टँडवर नसीम तापानं फणफणलेल्या आकिबला मांडीवर घेऊन माहेरच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या, म्हातारी बायनाबाई आणि संघप्रिया. पोरं कशानं दगावली हे गावोगाव विचारत फिरायचं, ही संघप्रियाची नोकरी.

“बायनाबाई, तुमच्या घरूनच येऊन राह्यली मी. नातवाचं इचारायचं होतं.”

“इचार.”

“आधी खोकला होता?”

“होता. साधाच वाटला.”

“श्वास घेताना छाती आत जाये का?”

“बरगड्यांखाली खड्डा पडे. मले वाटलं, वाळला म्हणून दिसते.”

“दवाखान्यात काऊन नाई नेलं?”

“धानाचं रोवणं चालू होतं. म्हटलं, बाजाराच्या दिवशी नेऊ.”

“मंग?”

“मंग काय. बाजार यायचाच होता अजून.”

संघप्रियानं ते वहीत लिहून घेतलं.

“तू मेल्यावरच येतेस गं, बाई.”

“हो. मले मेल्यावरच पाठवतात.”

“इचारून काय होते?”

“पुढच्या पोराचं तरी वेळेवर कळंल म्हणतात.”

नसीमनं आकिबचं कुडतं वर केलं. श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

गाडी लागली. बाया पोतड्या घेऊन दाराशी धावल्या. नसीम मात्र बाकाला वळसा घालून संघप्रियासमोर उभी राहिली.

“बाई, हा जिता हाय अजून. याले पाह्यता का?”

संघप्रिया पोराच्या छातीकडे बघतच राहिली.

“बसली काऊन? दवाखाना उघडा हाय आता,” म्हणत बायनाबाईच आधी उठली.