अर्थ आल्याशिवाय दगड फुटायचा न्हाय

माझं गाव अणदूर. वडील सालगडी, आई रोजानं जायची, आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मीच पहिली, आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास झाले. वडील म्हणाले, बाई, अजून एक डाव परीक्षा दे, न्हाय जमलं तर आलेल्या स्थळाला मी व्हय म्हणणार. त्यात बहात्तरचा दुष्काळ. आई आणि मी, दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला.

पुस्तक हातात धरायला सवड कुठं? मी खडूनं दगडावर शब्द लिहायची. आई म्हणायची, अर्थ सांग, मग फोडते. अर्थ पण तिला कळंल असाच सांगायचा, न्हायतर दगड बाजूला. मुकादम चिडायचा, अहो मावशी, ही खडी हाय का पोरीची पाटी? आई म्हणायची, पाटीच हाय, फुटायच्या आधी तुमी बी वाचून घ्या. बाया हसायच्या. एकदा ऑब्स्टिनेट लिहिलं, म्हणलं, हट्टी, आपल्या मुकादमासारखा. तो दगड आईनं एका घावात फोडला.

अबन्डन्सपाशी मात्र अडलं. मी म्हणलं, विपुलता. आई म्हणाली, ती काय असती गं? आता मला तरी कुठं ठावं होतं, गाईडात होतं तसं म्हणलं. दगड राहिला बाजूला, लई दिवस राहिला.

कामावर दुपारी सुकडी मिळायची, गोड कोरडं पीठ, ज्यानं त्यानं फडक्यात बांधून घ्यायचं. एकदा माझं संपलं तशी आईनं आपलं फडकं पुढं केलं, घे, मला पुरून उरलंय. मी गाठ सोडली, तर पीठ जसंच्या तसं, बोट लागलेलं न्हाय. मी तो दगड ओढला, म्हणलं, आई, अबन्डन्स म्हणजे पुरून उरणं. आई म्हणाली, अगं मग असं साधं सांगायचं की! हातोडा उचलाय लागली, पण अर्धं पीठ तिच्या तोंडात गेल्याशिवाय मी उचलू दिला न्हाय.

पास झाले. स्थळाला नकार द्यायला वडील स्वतः चालत गेले. पुढं बीए झाले, शाळेत इंग्रजीची बाई झाले, त्या दोघांच्या जिवावर झाले.

आता आई न्हाय. नात मोबाइलवर अवघड शब्द पाठ करती. परवा तिनं विचारलं, आजी, अबन्डन्स म्हणजे गं? सांगितलं. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणलं, बाई, तुला ह्याचा अर्थ पुस्तकातनंच कळू दे, माझ्यासारखा आईच्या फडक्यातनं नको.