पाणी ठेवायला आलेला माणूस

मोबाइलच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. लेक नुकताच शिकून पहिल्या नोकरीसाठी परदेशी निघाला होता आणि बापाला व्हिडिओ कॉल शिकवत होता.

"बाबा, फोन कानाला नाही लावायचा. समोर धरायचा."

"धरला. दिसतोय का मी?"

"नुसतं कपाळ दिसतंय. खाली घ्या जरा... हां. पण तुम्ही आपणहून नका लावू हं. मीच करत जाईन."

"का रे?"

"खोलीत आणखी दोघं असणार. ऑफिसातलेच."

"असू देत की. मला बघून पळून जाणारेत का?"

"तसं नाही हो..."

"मुलाखतीच्या दिवशी झालं तसं होईल म्हणतोस."

"कसं?"

"बोलून बोलून तुझा घसा सुकला होता, म्हणून मी बनियनवरच पाणी ठेवायला आलो. स्क्रीनवरच्या साहेबांनी विचारलं, हे कोण? तू म्हणालास, घरी कामाला आहेत. तेवढं इंग्रजी कळतं मला."

"हळू बोला ना. लोक ऐकताहेत."

"मग मुलाखत संपेपर्यंत तुझ्यामागचं कपाट पुसत राहिलो. म्हटलं, तू खोटा पडायला नको."

"बाबा, घाबरलो होतो हो मी. तोंडून निघून गेलं."

"अरे, रागावलोय कुठे? नोकरी लागली ना, झालं तर मग. फक्त एक सांगून ठेव."

"काय?"

"त्या दोघांपैकी कुणी फोन उचलला, तर मी कोण म्हणून सांगू?"