पिवळं झबलं

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक तरुण आई बसली होती. पलीकडे एक आजी पिशवीतून झबली काढून त्यांच्या घड्या घालत होत्या.

"आजी, रागावू नका, पण हे उलटं शिवलंय. शिवण बाहेर आलीय," ती आई म्हणाली.

"मुद्दामच गं. आत राहिली तर या चिमण्यांच्या कातडीला टोचते. तुझं बाळ आत आहे?"

"मुलगी. जन्मली तेव्हा नऊशे ग्रॅम."

"अगं बाई! साखरेच्या पुड्याहून हलकी!"

"तिलाही असंच झबलं घातलं होतं. पिवळं. कुणीतरी दान दिलंय म्हणाल्या सिस्टर."

"माझ्या जुन्या चादरीचं ते! बाही अंगठ्यावर मापते मी. दहा वर्षं शिवून देतेय, पण आत सोडत नाहीत ना. पुढे त्या बाळांचं काय होतं, कधी कळत नाही."

"आज सकाळी काढलं ते सिस्टरनी."

"काढलं? का गं?"

"घट्ट झालं, आजी. चाळीस दिवसांत दीड किलोची झाली. बाही दंडावर चढेचना."

"घट्ट झालं?"

"हो."

"पुन्हा सांग बघू."