कपबशीतला चहा

माहा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरातला, मोर्णेच्या काठचा. बाप सायकलींचे पंक्चर काढे, अन् त्याच्याच दुकानात शिवलेल्या बॉलवर मी खेळणं शिकलो. तठून निघालो तं गुडघे जाईपर्यंत पोटासाठी फुटबॉलच खेळलो, आज गोवा, उद्या कोलकाता, परवा केरळ, एका क्लबात दोन सीझन टिकलो तं नशीब. जागा मंधातली. मागच्यानं दिलेला बॉल समोरच्याले द्यायचा. अठी जो भेटते तो इचारते, गोल किती मारले? काय सांगू तुमाले! पंगतीतल्या वाढप्याले इचारावं का, बाबू, तू किती जेवला म्हणून?

मंग कोणीच बोलावलं नाई, तवा घरी आलो, कायमचा. बायको कुंदा समोरच्या खोलीत ब्लाऊज शिवते. तिनं चहा दिला कपबशीत. आमच्यात घरचे लोक स्टीलच्या गिलासात पेतात, कपबशी पाव्हण्याची. पयल्या दिवशी वाटलं, मान आहे. पण महिना झाला, दोन झाले, कपबशीच! म्या म्हटलं, अवं, मले गिलासात दे ना. म्हणे, राहू द्या, तुमाले सवय नाई. भाजी आणतो म्हटलं तं म्हणे, बसा, दमले असान. घरी बसलेला माणूस दमते कुठून, सांगा बरं! अन् माय तं रोज सकाळी इचारते, बापू, जायची गाडी कितीची हाय रे?

चिडू कोणावर? तुमी लिहून घेता तं हे बी लिहा. बाप गेला तवा मी केरळात होतो. सगळ्यायले सांगितलं, क्लबानं सोडलं नाई. मी सुटी मागितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मॅच होती, अन् टीममधली जागा जाईन याचं भेव होतं. बापाचं सगळं कुंदानं केलं. परवा तिले हे सांगून टाकलं. तिची मशीन चालूच. म्हणे, मले मालूम होतं. मांगून तुमच्या कोचचा फोन आलता, इचारे, आमाले काहून कळवलं नाई, आमी धाडलं असतं.

इतके वर्षं पोटात ठेवलं तिनं! मी खाली मान घालून बसलो. तं मशीन थांबली. म्हणे, आता पुतळ्यासारखे बसले काय? हा कापडाचा तुकडा घ्या अन् याच्या रंगाचा दोरा आणा.

आणला. तं दारातूनच सुरू झाली, सारी गल्ली ऐके. म्हणे, तुकडा शेंदरी, दोरा नारिंगी आणला! डोये हायेत का गोट्या? पुन्हा गेलो. पुन्हा चुकलो. वरूडची पोट्टी, संत्र्याच्या मुलखातली, तिच्या रंगात कोण पास होईन?

तिसऱ्या खेपेले दोरा जमला. तिनं चहा आणून आदळला, काठ चेपलेल्या स्टीलच्या गिलासात. बोटं पोयली, पण म्या गिलास खाली ठेवला नाई.

माय अजून इचारते, बापू, गाडी कितीची? तं कुंदाच आतून वरडते, गेली त्यायची गाडी, गिरणीतून दयण आणाले जाऊन राहिले थे.