कच्चा डाग

न्हाई, न्हाई, पोस्टमन साहेब, नाव तुम्ही बराबर वाचलं, पण दैवशाला घरी न्हाई — माहेरी गेलीय, आष्टीला, चार दिवस तरी येत न्हाई. द्या इकडं, मी घेतो. नवरा हाये मी तिचा, परका थोडाच हाये? वर पाटी वाचा ना — ‘रायभान पत्रा वर्क्स’ — तो रायभान मीच. काय? जिच्या नावाचं, तिचीच सही? मोठाच कायदा बुवा! बरं, बसा तरी घडीभर. या धान्याच्या कोठीवर बसा, बिनधास्त बसा, वाकत न्हाई. आवाज? कोणता आवाज? मागच्या खोलीतून? मांजर हाये हो. हां, हां, मोगरीनं पत्रा ठोकल्यावानी येतोय खरा — पण आमचं मांजर फार कामसू हाये.

कुठून आलंय म्हणता? जालन्यातून, कूलरच्या कारखान्यातून? वाटलंच मला. अहो, त्यांनीच काढली ही भानगड. म्हणे, पत्र्याचं काम येतं असं सर्टिफिकेट असंन तरच घेऊ. मला! तीस वर्सं पत्रा कापून राह्यलो मी, तीर्थपुरीत अशी एक कोठी दाखवा जिला माझा हात लागला न्हाई. तरी गेल्तो. परीक्षेला गेल्तो साहेब, या वयात, नवा शर्ट घालून! ही आल्ती संगं, डबा घेऊन — तेवढ्यापुरतीच आल्ती. तिथं बायांची एक जागा रिकामी, मास्तर म्हणला, बाई, भरा की फारम. भरला हिनं. मीच म्हणलं, भर, तेवढाच टाईमपास.

मंग एक कागद दिला, वर डब्याचं चित्र, आन लिव्हलं शंभर मिलिमीटर. आता शंभर मिलिमीटर म्हंजी किती? चार इंच. अख्खं गाव चार इंच धरतं, माझ्या बापानं धरलं, मी धरलं. आमचं सगळं इंचात आन सुतात — आठ सुताचा एक इंच, तिथं मिलिमीटर कुठं आला? बनवला डबा, असा की पाणी भरा, थेंब गळणार न्हाई. मास्तरनं पट्टी लावली. म्हणला, काका, दीड मिलिमीटर जास्त हाये. नापास! अहो, दीड मिलिमीटरनं कोणाचे गहू सांडले आजपोतर?

ही? हिनं मोजलंच न्हाई साहेब. कागदावर चित्र पुऱ्या मापाचं होतं, हिनं तो कागदच पत्र्यावर ठेवला, रांगोळीचे ठिपके द्यावेत तसे खिळ्यानं टोचे मारले, आन कातर चालवली. पास! पहिला नंबर! नाव सरळ कारखान्याकडं गेलं! मास्तर मला म्हणतो कसा — काका, चांगलं शिकवलं तुम्ही बाईला. मी म्हणलं, हां, शिकवलं. काय म्हणणार?

गावात? गावात मी सांगितलं, आम्ही दोघं पास. एक नाव कागदावर, एक तोंडी.

दुसरं पत्र हाये हे? असंन. पहिलं आल्तं की — म्हंजी आलं असंन, मला काय माहीत... पाणी पेता का? बरं, आल्तं. साधं होतं, सही लागली न्हाई, मीच घेतलं. फोडलं बी. लिव्हलं होतं, सोमवारी कामाला हजर व्हा, न्हाईतर जागा दुसऱ्याला देऊ. आज शनिवार, मलाबी कळतंय. असं नका बघू साहेब. फेकलं न्हाई, जाळलं न्हाई, एवढा बेइमान न्हाई मी. एका डबीत घातलं आन कथील वितळवून चौबाजूनं सांध्याला डाग देऊन बंद केलं. सांभाळूनच ठेवलं म्हणायचं.

काहून केलं? सकाळी कारखान्याची गाडी तिला न्यायला येईन, आन मी दारात उभा राहून तिच्या हातात डबा देईन — लोक हसतेन की हो! आता खरं सांगू का? लोकांचं मरू द्या. भ्या वाटलं मला. माझा हात कापतो, दहा वर्सं झाली. कातर मी चालवतो, पण डाग? सगळा डाग तीच देती. तुम्ही बसले ना, त्या कोठीलाबी तिचाच. ती गेली की दोन महिन्यात अख्ख्या गावाला कळंन, रायभानच्या कोठ्या गळून राह्यल्या. पाटीवर नाव माझं, आन... जाऊ द्या. तुम्ही लिहा ‘घर बंद होतं’ आन पत्र वापस न्या. तेवढं करा गरिबासाठी. बिलकुल कळणार न्हाई तिला.

मोगरी थांबली वाटतं. आं? माझ्या मागं काय बघून राह्यले?

दैवशाला! कवाची उभी हायेस तू? मी यांना तेच सांगत होतो, की... आन हे काय तुझ्या हातात? डबी? ही तर मी चौबाजूनं — उघडली कशी तू? कातर लावली?

अंगठ्यानं?

नुसत्या अंगठ्यानं?

साहेब, हसू नका. सही घ्या तिची आन निघा जल्दी.